गोटुलात बसायला कोण शिकवणार?

आदिवासी तरुणांमध्ये नेतृत्व कसे घडते आणि ते घडवताना त्यांच्या समाजाचे पारंपरिक ज्ञान कसे उपयोगी पडते, याविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. माझे बहुतेक काम गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामसभांबरोबर झाले असल्याने उत्तरांतील उदाहरणे मुख्यतः गोंड आणि माडिया गावांची आहेत. मी स्वतः आदिवासी नाही. येथे जे सांगत आहे ते त्या गावांत शेजारी बसून शिकलेले आहे, आणि त्यात काही चुकत असेल तर तेथील वाचकांनी मला अवश्य लिहावे.

प्रश्न : मी एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी आम्ही दरवर्षी नेतृत्व विकास शिबिर घेतो. शहरातून प्रशिक्षक येतात, भाषणकला आणि गटचर्चा शिकवतात. आमची मुले मान खाली घालून गप्प बसतात. तीच मुले सुटीच्या दिवशी ओढ्यावर मासे धरायला गेली की एकाही मोठ्या माणसावाचून सगळे काम पार पाडतात. यांच्यात नेतृत्वगुण कमी आहेत, असे प्रशिक्षक सांगून गेले. मला ते पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही.

आपल्याला ते पटले नाही हे फार चांगले झाले. ओढ्याला बांध कोणी घालायचा, पाणी कोणी उपसायचे, बरोबर आलेल्या लहान भावंडांना कुठे बसवायचे आणि मिळालेले मासे कोणाच्या घरी किती माणसे आहेत हे पाहून कसे वाटायचे, हे त्या मुलांनी ज्या शाळेत शिकून घेतले आहे तिची आपल्या शिबिराला ओळखच नाही. प्रशिक्षकांनी नेतृत्व म्हणजे चारचौघांपुढे उभे राहून बोलणे असे धरले, आणि ज्या समाजात चारचौघांपुढे आधी बोलणारा माणूस उतावळा समजला जातो त्या समाजाची मुले त्या मापाने मोजली.

धानोरा तालुक्यातील एका गावातल्या गोटुलात, म्हणजे गावाच्या सार्वजनिक बैठकीच्या जागेत, मी पहिल्यांदा बैठकीला बसले, तेव्हा माझेही माप तेच होते. जंगलाच्या कोणत्या भागातला बांबू या वर्षी तोडायचा, एवढाच विषय होता. पहिला तासभर कोणाच्या बैलाचे दुखणे, कोणाच्या घरचे लग्न, अशाच गोष्टी चालल्या होत्या, आणि मी उघडलेल्या वहीत तारखेखेरीज काहीही लिहिले नव्हते. गावचे भूमिया (परंपरेने गावात मान असलेले प्रमुख) आजोबा खांबाला टेकून तंबाखू मळत होते. मग एकेक जण विषयावर बोलू लागला. आजोबा काही बोलले नाहीत. पण मागे बसलेला एक जण दोनदा तोंड उघडून थांबला, हे त्यांनी पाहिले होते. सगळ्यांचे बोलून झाल्यावर त्यांनी त्याला गोंडीत एवढेच विचारले की तुझे राहून गेले का. तेव्हा त्याने सांगितले की ज्या भागाकडे सगळ्यांचा कल आहे, तिथे त्याच्या कुळाच्या देवाची जागा आहे. बैठक तिथेच उठली आणि निर्णय पंधरा दिवसांनी घ्यायचे ठरले. अख्खी रात्र वाया गेली, असे मला त्या वेळी वाटले. पंधरा दिवसांनी दुसरा भाग ठरला आणि त्या हंगामात त्या ठरावाबाहेर कोणीही कुऱ्हाड चालवली नाही, हे पाहिल्यावर त्या रात्रीची किंमत मला कळली. आजोबांनी त्या रात्री केले ते नेतृत्व होते. भाषणकलेच्या वर्गात ते शिकवता येत नाही. त्यासाठी मूल अशा अनेक बैठकांत कोपऱ्यात बसलेले असावे लागते.

गोटुल ही जागा तरुणांना जबाबदारी शिकवण्यासाठीच उभी राहिलेली आहे. गोटुल सुरू केले ते पारी कुपार लिंगो यांनी, असे गोंड परंपरा सांगते. एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवणारा आद्य गुरू म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. बस्तरमधील मुरिया गोंडांच्या गोटुलांच्या ज्या नोंदी मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी 1940 च्या दशकात केल्या, त्यांत मुलांना चेलिक आणि मुलींना मोटियारी म्हटले जाते, आणि गोटुलात आलेल्या प्रत्येकाला एक पदवी आणि त्या पदवीबरोबर येणारे काम मिळते. लहान मुलांनी रोज जळणाचे लाकूड आणायचे, ते आणले की नाही हे दुसऱ्या एका मुलानेच पाहायचे, चुकणाऱ्याला दंड मुलांनीच ठरवायचा, आणि गावात लग्न किंवा मयत झाली की कामाला सगळ्यांनी मिळून जायचे. एक ओंडका ही फार छोटी गोष्ट आहे. पण तो रोज आणावा लागतो, आणि आणला नाही तर थंडीत सगळ्यांची शेकोटी विझते, हे सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळते.

आपल्या शाळेत काय करता येईल, असे विचाराल तर मी एकच गोष्ट आधी सुचवेन. वसतिगृहातील एखादे खरे काम, उदाहरणार्थ परसबाग, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था किंवा आजारी मुलाजवळ रात्री कोणी थांबायचे ही पाळी, निर्णयासकट मुलांच्या हाती द्यावे. काम मुलांचे आणि निर्णय अधीक्षकांचा अशी वाटणी असेल तर ती वेठ होते, आणि मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. दुसरे असे, की परिसरातील गायता, भूमिया असे परंपरेने मान असलेले प्रमुख, वैदू, बी-बियाणे राखणाऱ्या आजी यांना शाळेत बोलवावे आणि शहरातून येणाऱ्या प्रशिक्षकाला जेवढे मानधन देता तेवढेच त्यांना द्यावे. त्यांनी व्याख्यान देण्याची गरज नाही. मरका पंडुम, म्हणजे नव्या आंब्याचा सण, झाल्याशिवाय गावात कोणीही नवा आंबा का खात नाही, एवढा एक प्रश्न मुलांनी त्यांना विचारला तरी पुरे. कोवळी फळे वाचतात, झाडाखाली बी पडते, आणि ज्याचे झाड नाही त्यालाही पहिला आंबा सगळ्यांबरोबर मिळतो. हे मुलांनी आजोबांच्या तोंडून ऐकले, म्हणजे आपल्या घरी जे चालत आले आहे तो नियम आहे, आणि नियम माणसे विचार करून बनवतात, हे त्यांच्या ध्यानात येते.

एक विनंती मात्र आहे. 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मुलांना पिसे लावून नाचवले म्हणजे परंपरा शिकवली, असे कृपया मानू नये.

प्रश्न : मी कोरची तालुक्यातील गोंड तरुण आहे, नागपूरला एम.ए. करतो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा मला कलमांसह पाठ आहेत. सुटीत गावी आलो की गोटुलात बोलतो. वडीलधारे ‘हो बाबू’ म्हणतात आणि मग आपलेच करतात. मागच्या बैठकीत मी हात वर करून मतदान घ्या म्हटले, तर आजा उठून गेला. मला गोंडी समजते, पण नीट बोलता येत नाही. माझ्या शिक्षणाचा गावाला उपयोग तरी काय?

आपला राग समजतो, आणि त्यातली कळकळही समजते. आजा का उठून गेला, ते आधी पाहू. मतदान घेतले की त्याच क्षणी गावात हरलेली माणसे तयार होतात. जंगलात वणवा विझवायला जाताना आणि रात्री गस्त घालताना ती माणसेही लागतात. म्हणून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने कित्येक वर्षांपूर्वी ठरवले, की बहुमताने निर्णय घ्यायचा नाही. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे, पुन्हा बसायचे आणि सर्वसहमती होईपर्यंत बोलायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गेली. पण ती घोषणा ज्या सवयीवर उभी आहे ती ही बसण्याची सवय आहे, आणि ती जुनी गोंडी सवय आहे.

त्याच गावाने आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांसाठी एक जागाही करून ठेवली. तिला ते अभ्यास गट म्हणतात. कायदा काय सांगतो, बांबूचा बाजार कसा चालतो, शासनाचे नवे परिपत्रक काय आहे, हे अभ्यास गटात वाचायचे आणि तिथे वादही घालायचा. बाहेरची जाणकार माणसे तिथे येऊन बोलू शकतात. निर्णय मात्र ग्रामसभेतच होतो. अभ्यास गटात जो सर्वांत जास्त जाणतो, त्याला ग्रामसभेत एका माणसाइतकेच वजन असते. देवाजी तोफा यांच्यासारखे नेतृत्व ज्या गावातून पुढे आले, त्या गावाने ज्ञान आणि अधिकार यांची ही फारकत जाणीवपूर्वक केली होती, हे मला फार मोलाचे वाटते. या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. देशात असे प्रथमच घडत होते, आणि त्यामागे अभ्यास गटाच्या कित्येक वर्षांच्या बैठका होत्या.

आता आपल्या पाठांतराविषयी. वनहक्क कायदा 2006 चा आहे आणि त्याचे नियम 2008 पासून लागू आहेत. त्यांतील तेरावा नियम पुन्हा काढून वाचावा. दाव्याचा पुरावा म्हणून काय चालते, त्याची यादी त्यात आहे, आणि तीत सरकारी कागदांबरोबर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. देवराई, दफनभूमी, जुनी विहीर, वंशावळ, परंपरेने चालत आलेली हद्द, हे सारे कायद्याने ग्राह्य पुरावे आहेत. म्हणजे ज्या आजाने आपले मतदान नाकारले, त्याच्या स्मरणातली शीव हा कायद्याच्या दृष्टीने दस्तऐवज आहे. फक्त तो अजून कागदावर उतरलेला नाही. तो उतरवायला दोन माणसे लागतात. एकाला शीव ठाऊक असावी आणि दुसऱ्याला लिहिता यावे. शिक्षणाचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे, की या जोडीतले दुसरे माणूस आपण व्हावे.

त्यासाठी आजाबरोबर शीव चालून या. एका दिवसात होणार नाही. आपण जीपीएसचे यंत्र घेऊन जाल आणि आजा वाटेत बसून राहील, कारण एखाद्या दगडाची गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला पुढचा दगड आठवणार नाही. ती गोष्ट ऐकावी, लिहून घ्यावी, आणि शेजारच्या गावाची माणसे हद्दीवर भेटायला बोलवावीत, कारण दोन गावांनी शीव मान्य केली की अर्धा वाद तिथेच मिटतो. मी अशा तीन-चार फेऱ्यांत सामील झाले आहे. एका फेरीत नकाशावर ज्याला फक्त ‘नाला’ म्हटले होते, त्याला गावाने वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत चार वेगवेगळी गोंडी नावे दिलेली निघाली. कुठे मासे अंडी घालतात, कुठे उन्हाळ्यातही पाणी राहते, कुठे कोणाचा अपघात झाला होता, हे त्या नावांतच साठवलेले होते.

गोंडीचा प्रश्न इथेच सुटू लागतो. 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी गोंडी ही आपली भाषा सांगितली, तरीही ती अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे आपल्यासारख्या मुलांना ती शाळेत कधी भेटली नाही, यात आपला दोष नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या नावातच गोटुल हा शब्द ठेवला. आपण आता बालवर्गात बसू शकत नाही. पण शीव चालताना जागांची नावे विचारत गेलात तर भाषा पायांतून येईल. चुकीचे बोलाल, लोक हसतील. ते हसणे जवळिकीचे असते, मी ते पुष्कळ अनुभवले आहे.

आणखी एक जागा आहे, जिथे तरुणांची खरी गरज लागते. ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्यापासून फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागेवर, हिशेब लिहिणारा मुन्शी गावचाच असतो. एका पुड्यात 70 पाने आणि एका प्रमाण गोणीत 1000 पुडे, असा हिशेब आहे. एका फळीवर मी पाहिले, की बारावी झालेली मुलगी वहीत नावे लिहीत होती आणि शेजारी बसलेली म्हातारी बाई प्रत्येक पुड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. पाने न मोजता ती मधूनच एखादा पुडा बाजूला काढी. मोजला की त्यात आठ-दहा पाने कमी निघत. संध्याकाळी गावासमोर हिशेब वाचताना मुलीने त्या पुड्यांची नोंद वाचली, पण कोणाचे होते ते वाचले नाही, कारण बाईने तिला दुपारीच सांगून ठेवले होते की नाव घेशील तर ते घर उद्या फळीवर येणार नाही. हिशेब स्वच्छ ठेवायचा आणि माणूसही तोडायचे नाही, ही शिकवण त्या मुलीला एका दुपारी मिळाली. एम.ए.च्या कोणत्या पेपरात ती असेल, मला माहीत नाही.

प्रश्न : आपण गोटुलाचा गौरव करता. परंतु त्या संस्थेविषयी वेगळेच वाचनात आले आहे. शिवाय पारंपरिक पंचायतीत स्त्रियांना स्थान नसते, पाळीच्या दिवसांत त्यांना गावाबाहेरच्या झोपडीत राहावे लागते. अशा परंपरेतून तरुणींनी कोणते नेतृत्व शिकावे? (पुण्याच्या वाचक)

पहिल्या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देते. गोटुलातल्या तरुण मुलामुलींच्या संबंधांविषयी बाहेर जे चवीने लिहिले गेले, त्याने या संस्थेची आणि तिच्यात वाढलेल्या माणसांची मोठी बेअब्रू केली. त्याचा परिणाम असा झाला की शिकलेली गोंड मुले कित्येक वर्षे गोटुलाचे नाव घ्यायलाही लाजत होती. गडचिरोलीच्या बहुतेक गावांत गोटुल ही आज बैठकीची, पाहुण्यांच्या मुक्कामाची आणि सणावाराची सार्वजनिक जागा आहे. 1980 च्या दशकात मेंढा (लेखा) गावच्या लोकांनी सागाचे खांब लावून आपले गोटुल पुन्हा बांधले, तेव्हा सरकारी यंत्रणेने ते पाडून लाकूड नेले. त्यावर परिसरातील गावे एकत्र बसली आणि एकामागून एक गावात गोटुले उभी राहिली. माणसे एखाद्या छपरासाठी एवढी का झगडतात, याचा विचार केला तरी त्या संस्थेचे मोल ध्यानात येईल.

दुसरा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी झाकणार नाही. पारंपरिक जातपंचायतीत निर्णय पुरुष घेत आले आहेत. कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बाईने राहायची वेगळी झोपडी, अनेक गावांत आजही आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या, दाराला नीट कडी नसलेल्या अशा एका कुर्माघरात मी एका मैत्रिणीला डबा द्यायला गेले आहे. ती तिथे एकटी होती आणि बाहेर गुडघाभर गवत होते. संस्कृती म्हणून त्याचे समर्थन माझ्याकडून कधीही होणार नाही. आदिवासी परंपरेविषयी प्रेमाने बोलणाऱ्यांनी या झोपडीविषयी गप्प बसणे, हा त्या समाजातील बायकांवर अन्याय आहे.

तरीही मला असे दिसते, की बदल जिथे टिकला तिथे तो त्या गावांतल्या बायकांनीच परंपरेच्या आतल्या साधनांनी घडवला. दारूबंदीचा विषय घ्या. बायका आधी आपसांत बसल्या, मग गोटुलाच्या दाराशी आल्या, मग आत आल्या. गोटुलातल्या बैठकीचा नियमच असा आहे की बोलायला आलेल्याचे ऐकून घेतल्याशिवाय उठायचे नाही. तो नियम त्यांनी पुरुषांना पाळायला लावला. कायद्यानेही हात दिला. वनहक्क नियमांनुसार वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात, आणि ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हजर असावे लागतात व त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून जी महाग्रामसभा उभी केली, तिच्यात प्रत्येक गावातून दोन स्त्रिया आणि दोन पुरुष पाठवायचे ठरले. कायद्याने सांगितले होते त्याच्याही पुढे जाऊन ही बरोबरी तिथल्या लोकांनी स्वीकारली.

आणि परंपरा सगळीकडे सारखी नसते. पालघर-डहाणूकडच्या वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी, एक बाई. ती गाणे म्हणून लग्न लावते, आणि तिच्या गाण्यावाचून लग्न पुरे होत नाही. कोणते विधी, कोणते क्रम, कोणत्या देवता, हे सगळे तिला तोंडपाठ असते, आणि मंडपातली पुरुषमंडळी तिच्या सांगण्याप्रमाणे वागतात. वारली तरुणीला स्त्रीच्या अधिकाराचा दाखला शोधायला मुंबईला जावे लागत नाही. अशी उदाहरणे तरुणींसमोर ठेवावीत आणि कुर्माघराविषयीही त्यांच्याशी स्पष्ट बोलावे. आपल्या परंपरेतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे त्या मुलींनी स्वतः बसून ठरवणे, हेच मुळी नेतृत्वाचे शिक्षण आहे. ते ठरवण्याचा अधिकार ना मला आहे, ना आपल्याला.

प्रश्न : मी ऑकलंडला राहते. इथल्या माओरी समाजाकडून आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना काही घेण्यासारखे आहे का?

पुष्कळ आहे. मला सर्वांत जवळचे वाटते ते कोहांगा रेओ, म्हणजे ‘भाषेचे घरटे’. माओरी बोलणारी पिढी म्हातारी होत चालली होती, तेव्हा 1982 मध्ये ही चळवळ सुरू झाली. आजी-आजोबांनी बालवाडीतल्या नातवंडांशी फक्त माओरीत बोलायचे, एवढी साधी कल्पना होती. त्यात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ही घरटी कुटुंबांनी स्वतः चालवायची होती. त्यामुळे तिथे भाषा मुले शिकली, पण पैशांचा हिशेब, सरकारशी पत्रव्यवहार, बैठक चालवणे हे सगळे मधल्या पिढीतले तरुण आईबाप शिकले. आपल्या घराजवळ असे घरटे असेल आणि त्यांची परवानगी मिळाली, तर तिथल्या आईबापांची बैठक कशी चालते ते पाहून आम्हाला सविस्तर लिहावे. ते मोहगावच्या पालकांना वाचून दाखवण्याची जबाबदारी माझी.

प्रश्न : आमची संस्था धुळे-नंदुरबार भागात भिल्ल, पावरा आणि कोकणा तरुणांबरोबर काम करते. आमच्याकडे गोटुल नाही. पारंपरिक ज्ञानावर आधारित तीन दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आपण तयार करून द्यावा, ही विनंती.

अभ्यासक्रम तयार करून देण्याविषयी मी नम्रपणे नकार देत आहे. गडचिरोलीत बसून सातपुड्यातल्या तरुणांसाठी मी कागद तयार केला, तर पहिल्या प्रश्नातल्या प्रशिक्षकांनी केले तेच मी करीन.

गोटुल नाही म्हणून काही अडत नाही. आपल्याकडे लाह आहे. एखाद्याचे घर शाकारायचे असो की शेतातले काम अडलेले असो, घरमालक सांगून येतो, गाव गोळा होते, दिवसभर काम करते आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवते. मजुरी कोणी घेत नाही. लाह बोलावणाऱ्याला किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, ते पाहावे. कोणाला आधी सांगायचे, भांडण असलेल्या घरी निरोप कोणाकरवी पाठवायचा, कामाचे तुकडे कसे पाडायचे, जेवण कमी पडू नये म्हणून काय करायचे आणि पुढच्या लाहेत कोणाकडे आपण गेलेच पाहिजे हे लक्षात कसे ठेवायचे. आपल्या गटातील प्रत्येक तरुणावर वर्षातून एक लाह स्वतः बोलावण्याची जबाबदारी सोपवावी. काम सार्वजनिक असावे; झऱ्याची साफसफाई, रोपवन, शाळेचे कुंपण, काहीही चालेल. ज्याच्या हाकेला पाच माणसे आली, त्याच्याशी मग मोठ्या माणसांनी बसून बोलावे, की बाकीची का आली नाहीत. हे बोलणे नाजूक असते आणि ते गावातल्याच जाणत्या माणसाने केलेले बरे.

साक्री तालुक्यातील बारीपाडा आपल्या जवळच आहे. चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाल्यामुळे गावाचे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे. पण मला त्या गावची रानभाज्यांची स्पर्धा अधिक शिकवणारी वाटते. बायका जंगलातल्या भाज्या आणतात, शिजवतात, मांडतात, आणि प्रत्येक भाजी कुठे मिळते, कोणत्या महिन्यात खायची, कोणती कशी उकळून पाणी टाकून द्यायची, हे पाहुण्यांना सांगतात. जी बाई एरवी सभेत चार शब्द बोलणार नाही ती तिथे अर्धा तास बोलते, कारण त्या भाजीविषयी तिच्याइतके जाणणारे समोर कोणीच नसते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपताना हेच दाखवून दिले. आपल्याकडे जे आहे त्याची पूर्ण माहिती असलेल्या माणसाला बोलायला शिकवावे लागत नाही.

म्हणून तीन दिवसांचा वर्ग आपण जूनपर्यंत पुढे ढकलावा, असे मी सुचवते. पहिला पाऊस पडून गेला की दहा-पंधरा दिवसांत रानभाज्या वर येतात. तरुणांनी आपापल्या गावातल्या आज्यांबरोबर सकाळी रानात जावे, भाज्यांची नावे आजी ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत वहीत लिहावीत, आणि प्रमाण मराठीत काय म्हणतात ते त्या दिवशी विचारू नये. जैवविविधता कायदा 2002 नुसार गावाने जी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, तिची सुरुवात अशी आपोआप होईल; अनेक गावांत ती नोंदवही बाहेरच्या माणसांनी भरून दिलेली असते आणि गावातल्या कोणीही ती उघडून पाहिलेली नसते. दुपारी भाज्या शिजवाव्यात. जेवताना कोणी काही शिकवू नये. तारीख ठरली की मला कळवावे. मी आदल्या रात्रीच मुक्कामाला येईन, म्हणजे सकाळच्या फेरीत आज्यांच्या मागे चालता येईल.